शब्दपट्ट्या दाखवण्याआधी

वाळपई, सत्तरी, गोवा

प्रिय दत्ताराम,
सप्रेम नमस्कार.

यंदा पहिलीचा वर्ग तुझ्याकडे आला आणि पाठोपाठ इंग्रजी ‘साइट वर्ड्स’ची, म्हणजे पाहताक्षणी ओळखायच्या शब्दांची, छापील यादीही हाती पडली, ती मुलांकडून कशी करून घ्यावी, असे तू विचारले आहेस. ती पाठ करून घेण्याची घाई करू नकोस, एवढे आधी सांगतो आणि मग कारण लिहितो.

तू उतरवून पाठवलेले शब्द पाहता ती यादी एडवर्ड डॉल्च या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांची दिसते. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या या यादीत लहान मुलांच्या वाचनात वरचेवर येणारे २२० शब्द आहेत. ९५ नामांची यादी त्यांनी निराळी ठेवली होती. ज्यांच्यासाठी ती केली, ती मुले ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ हे शब्द घरी बोलतच मोठी झालेली होती. त्यांना ओळखायचे होते ते केवळ लिहिलेले रूप. आपल्या मुलांच्या घरी कोंकणी, वर्गात मराठी, आणि ‘द’च्या जोडीचा शब्द या दोन्हींत नाही. जो शब्द कानावरून कधी गेलेला नाही, त्याची पट्टी कितीही वेळा नाचवली तरी मूल फार तर तिचा रंग नाहीतर दुमडलेला कोपरा लक्षात ठेवते. म्हणून आधी आठवडाभर पट्टी काढूच नये. दप्तर बाकाखाली ठेवावे, बाकावर ठेवावे, आणि ‘द बॅग इज अंडर द बेंच’, ‘द बॅग इज ऑन द बेंच’ अशी वाक्ये मुलांच्या तोंडी रुळू द्यावीत.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. बाराखडी शिकलेल्या मुलाचा अक्षरावर विश्वास असतो. जे लिहिले तेच वाचायचे, ही त्याची सवय आहे आणि ती मोडू नये. यादीतले ‘कॅन’, ‘रन’, ‘बिग’, ‘रेड’ असे कितीतरी शब्द अक्षरांचे आवाज जोडून सरळ वाचता येतात, तेव्हा ते चित्रासारखे पाठ करायला लावणे मला व्यर्थ वाटते. उरलेल्या शब्दांतही अवघड जागा बहुधा एकच असते. ‘सेड’ हा शब्द मोठ्याने म्हणून त्यातल्या प्रत्येक आवाजाला एक असे तीन चिंचोके मांडायला सांग. मग फळ्यावर शब्द लिहिलास की पहिले आणि शेवटचे अक्षर सरळ वागते आणि मधली ‘ए’ व ‘आय’ ही जोडीच तेवढी फसवते, हे मुलांना स्वतःलाच दिसते. रंगीत खडूची रेघ तेवढ्याच भागाखाली ओढावी. ‘ऑफ’मध्ये, म्हणजे ‘चा-ची-चे’ या अर्थाच्या शब्दात, ‘एफ’चा आवाज ‘व्ह’ होतो, तिथेही हेच करावे. मुले याला बिचकत नाहीत, कारण ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ ती दोन तऱ्हांनी सहज वाचतात.

‘वॉज’ आणि ‘सॉ’ एकाच दिवशी घेऊ नकोस, कारण तीच तीन अक्षरे उलटी मांडली की दुसरा शब्द होतो. एका वेळी दोन-तीनच नवे शब्द, त्यांत जुने मिसळलेले, पाटीवर एकदा लेखन आणि शेवटी ते शब्द असलेले एखादे लहानसे वाक्य, इतके रोज दहा मिनिटे पुरे.

व्हरांड्यात पट्ट्या पसरून धावत जाऊन शब्द उचलण्याचा खेळ सगळीकडे लोकप्रिय आहे. मला तो फारसा आवडत नाही: चपळ मूल शब्द उचलते, मागचे नुसते धावते, आणि ज्याला सरावाची गरज असते त्याचाच सराव बुडतो. त्यापेक्षा मुलांच्या जोड्या लाव. तुझी शाळा एकशिक्षकी असल्यामुळे तिसरी-चौथीतले मूल पहिलीतल्याचे वाचन ऐकू शकते. (जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की ‘इन’ आणि ‘ऑन’ यांतला फरक मागच्या ओळीपर्यंत पोहोचतच नाही; तेव्हा सगळ्यांना जवळ घेऊन बसणे बरे.) कोण कुठे अडते, हे मात्र प्रत्येकाचे वाचन स्वतः वेगळे ऐकल्याशिवाय कळत नाही.

घरी संपूर्ण यादी पाठवू नकोस. पालक ती परीक्षेसारखी घोकून घेतात. वर्गात येऊ लागलेल्या दोनच पट्ट्या दप्तरात दे आणि त्या मुलानेच घरच्यांना वाचून दाखवाव्यात, असा निरोप दे. मुलांचे कुठल्या शब्दांवर अडते, ते मला अवश्य कळव. चवथीच्या सुट्टीत तू इकडे येशील तेव्हा त्यांच्या पट्ट्या बसून तयार करू.

तुझा,
विनायक