मूळ चित्रं घरी आण

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रपुस्तकाचा करार दोनदा वाचला. प्रकाशक तयार झाला म्हटल्यावर आईनं अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. पण सही करायची घाई करू नकोस. 'एकरकमी मानधन, सर्व हक्क जगभर व कायमस्वरूपी, मूळ चित्रे प्रकाशकाकडे' ही ओळ मला झोपू देत नाही.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. छापखान्यात लागून मला तिसरं वर्ष होतं. एका वयस्कर चित्रकाराची, मुलांच्या पुस्तकाची वीस-बावीस जलरंगातली चित्रं आमच्याकडे आली होती. निगेटिव्ह निघाल्या, प्लेटा झाल्या, पुस्तक छापून गेलं. चित्रांचा गठ्ठा गोडाउनमध्ये खालच्या फळीवर तसाच राहिला आणि जुलैत तिथे पाणी शिरलं. ते गृहस्थ सायकलला पिशवी अडकवून चित्रं न्यायला आले तेव्हा गठ्ठ्याची सुतळी मीच सोडली. कागद एकमेकांना चिकटले होते. त्यांनी एक हलकेच ओढून वेगळा केला, तर हत्तीचा करडा रंग खालच्या मुलीच्या फ्रॉकवर उतरलेला. ते काही बोलले नाहीत. सगळे कागद पिशवीत भरले आणि गेले. लेखी काहीच नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. मला आजही तो हत्ती दिसतो.

तू दिवाळीत दिलेलं बीट्रिक्स पॉटरचं, म्हणजे पीटर रॅबिटच्या गोष्टी लिहिणाऱ्या आणि चितारणाऱ्या इंग्रज बाईचं, चरित्र म्हणूनच मला इतकं लागलं. 1893 च्या सप्टेंबरात ती स्कॉटलंडमध्ये होती. तिच्या जुन्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. त्याला काय लिहावं सुचेना, म्हणून तिनं चार सशांची गोष्ट लिहिली, मध्ये मध्ये चित्रं काढत, आठ पानं. पोरानं ते पत्र जपलं. सात वर्षांनी त्याचं पुस्तक करावं असं तिच्या मनात आलं, तेव्हा ते त्याच्याकडूनच मागून घ्यावं लागलं. प्रकाशकांनी नकार दिले. तिला पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढंच हवं होतं, स्वस्तही हवं होतं, आणि त्यावरून ती हटली नाही. 1901 च्या डिसेंबरात तिनं पदरच्या पैशांनी 250 प्रती छापून घेतल्या. आधी नकार दिलेल्यांपैकीच एकानं पुढच्या वर्षी ते रंगीत काढलं.

पण अमेरिकेत हक्क नोंदवायचे प्रकाशकाकडून राहून गेले. तिकडे चोरून आवृत्त्या निघाल्या आणि त्यातला पैसा तिला मिळाला नाही. ती त्यातून शिकली. 1903 मध्ये सशाची बाहुली तिनं स्वतः शिवली आणि स्वतःच पेटंट ऑफिसात नोंदवली. पुढे पुस्तकांच्या पैशातून तिनं शेतं घेतली, मेंढ्या पाळल्या. 1943 मध्ये ती गेली तेव्हा 4,000 एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणाऱ्या तिकडच्या संस्थेला, ठेवून गेली.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. कलम 19 प्रमाणे हक्क द्यायचे ते लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून तर 'जगभर' आणि 'कायमस्वरूपी' हे शब्द त्यांनी घातले आहेत. ते काढायला सांग. फक्त मराठी आवृत्ती, पाच वर्षं, विकलेल्या प्रत्येक प्रतीवर रॉयल्टी. भाषांतराचे हक्क वेगळे ठेव. रंगीत छपाईला चार रंगांच्या चार प्लेटा लागतात आणि अक्षरं काळीत असतात, म्हणून चित्रांचं पुस्तक दुसऱ्या भाषेत जाताना फक्त काळी बदलायची असते. बाकीच्या तीन तुझ्या चित्रांच्याच राहतात. आणि स्कॅनिंग झालं की महिन्याभरात मूळ चित्रं परत, हे लिहून घे. ते नाही म्हणाले तर मला फोन कर, मी येतो.

आता पुस्तकाबद्दल. मी काल जेवणाच्या टेबलावर डमी करून पाहिली. एक कागद तीनदा दुमडला की सोळा पानं, असे दोन फर्मे एकात एक घातले की तुझी बत्तीस. विहिरीत डोकावणाऱ्या मुलीचं मोठं चित्र तू 12-13 वर टाकलं आहेस. ही दोन पानं कागदावर लांब लांब छापली जातात. घडीवर पिना मारताना केसभर इकडेतिकडे झालं तर विहिरीचा काठ मधोमध तुटेल आणि मुलीचं नाक घडीत जाईल. ते 16-17 वर ने. मधलं पान म्हणजे एकच सलग कागद, तिथे काठ तुटणार नाही. मुलीला मात्र घडीपासून बोटभर बाजूला सरकव.

त्याच पानावर 'विहीर खूप खोल होती' असं लिहिलं आहेस. ते वाक्य काढ. खोली चित्रात दिसते आहे. माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. तू चार वर्षांची असताना, अक्षर ओळख नव्हती तेव्हा, त्यांच्या पुस्तकातल्या चित्रांवर बोट ठेवून आम्हाला गोष्ट सांगायचीस. चित्र काय सांगतं आहे ते तेव्हा तुला बरोबर कळत होतं. बेडकाच्या पानावर तू एकही शब्द लिहिला नाहीस, ते पान मी किती वेळ बघत बसलो होतो.

तू मागितलेलं पत्र सापडलं. दुसरीत असताना आजीकडून मला पाठवलेलं, विहीर आणि बेडूक काढलेलं. माझ्या ट्रंकेत होतं, प्लास्टिकमध्ये. बेडकाला तेव्हा तू पाच पाय काढले होतेस. डमीबरोबर स्पीड पोस्टानं पाठवतो आहे. काम झालं की परत पाठव. ते माझं आहे.

तुझा,
बाबा