लुईसचं नाव का गाळलं?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतल्या महान हेवीवेट मुष्टियोद्ध्यांच्या यादीत लेनॉक्स लुईस नाही, हे पाहून हातातला चहा तसाच गार झाला. कारण काय, तर तो दोनदा आडवा झाला. झाला की! एप्रिल 2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रॅकपनला हसीम रहमानने पाचव्या फेरीत त्याला झोपवला, तेही हा गडी दोराशी रेलून हसत असताना. माज म्हणतात तो हाच. पण त्याच वर्षी 17 नोव्हेंबरला लास वेगासमध्ये चौथ्या फेरीत लुईसचा उजवा ठोसा बसला आणि रहमान पाठीवर. उठायला गेला, पुन्हा कोलमडला.

मी कुस्तीतला माणूस. ज्याने चितपट केलं त्याच्याशीच पुन्हा हात मिळवताना पोटात काय होतं, ते मला विचारा. मला ती परतफेड कधी जमली नाही. लुईसने 1994 च्या पराभवाचीही ऑलिव्हर मॅकॉलकडून 1997 मध्ये वसुली केली. (मॅकॉल रिंगमध्येच रडू लागला, त्यामुळे त्या विजयाची चव गेली, हे मान्य.) होलीफिल्डशी बरोबरीत सुटलेली लढतही त्याने पुढच्या खेपेला जिंकली.

पुढच्या रविवारी यादी दुरुस्त करणार का?

– एक जुना पैलवान, सांगली