फौजींच्या मुलांना नववीतही दाखल करून घ्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

फौजेत गेलं की देश बघायला मिळतो, असं पुण्यात भरतीची तयारी करणारी पोरं सांगतात. ते खरंच आहे. माझ्या मिस्टरांच्या नोकरीत राजस्थान झालं, आसाम झालं, लडाख झालं. दर दोन-तीन वर्षांनी पोस्टिंग येते. पीस स्टेशन, म्हणजे कुटुंब नेता येतं असं ठिकाण असलं की आम्ही बरोबर जातो, फील्ड, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी पोस्टिंग असली की मागे राहतो. हे पत्करूनच आम्ही संसार मांडला, त्याबद्दल गाऱ्हाणं नाही. गाऱ्हाणं आहे ते शाळेचं, आणि ते तुमच्याच खात्यात येतं.

पुणे म्हणजे लष्कराच्या सदर्न कमांडचं मुख्यालय. खडकी, देहूरोड, वानवडी, लोहगाव, दिघी या सगळ्या भागांत वर्षभर फौजी कुटुंबं येत-जात असतात. बदलीचा हुकूम शाळेचं कॅलेंडर बघून निघत नाही. त्यातून बाहेरच्या सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि आपल्या राज्य मंडळाच्या जूनमध्ये.

आठवीपर्यंत निदान कायदा पाठीशी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगतं की जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. नववीपासून हे संरक्षण संपतं. माझी मुलगी नेमकी तिथेच अडकली. दाखला पोस्टात होता, मिस्टर फील्डवर होते, आणि शाळेच्या ऑफिसात मला एकच उत्तर मिळत होतं, “दाखला आणा, मग बघू.” केंद्रीय विद्यालय आहेच की, असं कुणीही सहज म्हणतं. पण केंद्रीय विद्यालय सोडून दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाला तिथे नववीत जागा रिकामी असावी लागते, वर प्रवेश परीक्षाही असते. त्या काळात पोरगी घरी बसून होती. चौदा वर्षांची मुलगी “आई, माझं वर्ष जाणार का?” असं विचारते तेव्हा काय सांगायचं?

दुसरी गोष्ट मराठीची. 2020 च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि मला त्याचा आनंदच आहे. आम्ही साताऱ्याकडचे, घरात मराठीच बोलतो. पण राजस्थानात आणि आसामात शिकलेल्या माझ्या मुलांना मराठी धडा वाचताना घाम फुटतो. सातवीत आलेल्या मुलाला पहिलीपासून मराठी शिकलेल्यांच्या रांगेत बसवायचं आणि कमी मार्क पडले की बोल लावायचा, याला शिकवणं म्हणत नाहीत.

साहेब, माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. बदलीच्या हुकुमाची प्रत दाखवली की नववी ते बारावीत वर्षाच्या मध्येही तात्पुरता प्रवेश द्यावा आणि दाखल्यासाठी मुदत द्यावी, असा शासन निर्णय काढा. सीबीएसई एरवी दहावीला थेट प्रवेश देत नाही, पण पालकांची बदली हे कारण तेही मान्य करतात. आणि छावणीलगतच्या शाळांत परराज्यातून आलेल्या मुलांसाठी मराठीचा वेगळा तास सुरू करा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, शिकवणारं माणूस लागतं.

बदल्या बाराही महिने होतात, त्यामुळे हा निर्णय येत्या जूनपर्यंत लांबवू नका, ही कळकळीची विनंती.

आपली,
एका जवानाची पत्नी
खडकी, पुणे