मुंढ्याचं माप कळव

इचलकरंजी,
रविवार, रात्री साडेदहा

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला पोचल्याचा मेसेज मिळाला. बाबा निवांत झाले आणि झोपलेसुद्धा. मला मात्र कालचं ते दुकान डोळ्यांपुढून हलेना, म्हणून मशिनवरचा ब्लाउज बाजूला सारून लिहायला बसले. हे फोनवर बोलता आलं नसतं. "जाऊ दे गं आई" म्हणून तू विषयच बदलला असतास.

काल कोल्हापुरात आपण पाच दुकानं पालथी घातली. मावसबहिणीच्या साखरपुड्याला एक ड्रेस आणि ऑफिसला घालायला दोन कुर्ते, एवढंच हवं होतं. शेवटच्या दुकानात तू सात कपडे घेऊन ट्रायल रूममध्ये गेलीस. दर वेळी दार अर्धं उघडायचं, तू माझ्याकडे न बघता बाहेरच्या मोठ्या आरशात बघायचीस आणि परत आत जायचीस. शेवटी बाहेर आलीस ती स्वतःच्या जुन्या कुर्त्यात आणि म्हणालीस, "मला काही शोभतच नाही. उद्यापासून रात्रीचं जेवण बंद." मी तिथे काहीच बोलले नाही. चारचौघांत तुझ्या डोळ्यांत पाणी यायला नको, एवढंच तेव्हा सुचलं.

पण तू आत होतीस तेव्हा मी स्टुलावर बसून काय करत होते, ते तुला माहीत नाही. तू दारावरून बाहेर टाकलेला एकेक कपडा मी उलटा करून बघत होते. तीस वर्षांची सवय आहे, कपडा आधी आतून बघायचा. त्या सात कपड्यांत छातीला एकही टक्स, म्हणजे उंचवट्यासाठी कापड दुमडून मारलेली टीप, नव्हता, सोनू. पुढचा भाग आणि पाठ सारखीच कापलेली, फरक फक्त गळ्याच्या खोलीत. कडेला मार्जिन पाव इंच, तेही ओव्हरलॉक मारून संपवलेलं. म्हणजे उद्या अर्धा इंच सैल करावं म्हटलं तर आत कापडच नाही. दोन कुर्त्यांना बाह्याच नव्हत्या. त्या सुट्ट्या कापून आत टाचलेल्या होत्या, घेणारीने घरी नेऊन लावून घ्यायच्या. त्या पिवळ्या जॉर्जेटला अस्तर होतं ते मांडीपर्यंतच. आणि तो को-ऑर्ड सेट, एकाच कापडाचा वरचा-खालचा जोड, ज्यात तू सगळ्यात जास्त वेळ आरशापुढे उभी राहिलीस, तो शर्ट म्हणजे दोन चौकोन एकमेकांना जोडलेले.

आता तुझी मापं बघ. छाती ३८, खांदा १४, कंबर ३३. अंगाने तू थेट माझ्या आईवर गेली आहेस, खांदा बारीक आणि छाती भरलेली. तयार कपड्यांत ३८ छाती म्हटली की खांदा पंधराच्या आसपास धरतात, कारण छातीबरोबर खांदाही वाढवत नेतात. म्हणून छातीला बसेल तो कुर्ता घेतलास की खांद्याची शिवण दंडावर घसरते, मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, खाली लोंबतो आणि काखेत कापडाचा गोळा जमतो. खांद्याला बसेल तो घेतलास की छातीवर आडव्या चुण्या पडतात. जे टक्सने घ्यायचं ते कुठेच घेतलेलं नसतं. कापड छातीच्या उंचवट्यावरून सरळ खाली सुटतं, कंबर झाकून टाकतं आणि बाई आहे त्याच्या दीडपट दिसते. तुला आरशात जे दिसलं ते हे होतं. तुझं वजन नव्हतं ते.

हल्लीची ही ढगळ फॅशन, ओव्हरसाइझ म्हणा, ड्रॉप शोल्डर म्हणा, कुणी कुणाच्या अंगाचा विचार करून काढली असेल असं मला वाटत नाही. तू पोटात होतीस त्याच्या आधी दोन वर्षं मी एका गारमेंटमध्ये पीसवर काम केलं आहे. नगावर पैसे मिळायचे. कापडाचे थर एकावर एक अंथरून, वर खाका, म्हणजे मापाचा कागदी नमुना, ठेवून, मशिनने एका दमात कापायचे. पुढे एकजण कॉलर करायची, एकजण बाह्या लावायची, एकजण काजं. टक्स घालायचा म्हणजे खूण करा, दुमडा, टीप मारा, टोकाला निमुळती सोडा, आणि हे दोन्ही बाजूंना सारखं. त्याला वेळ जातो आणि कारखान्यात वेळ हाच खर्च. बाही मुंढ्यात नीट बसवायलाही हात लागतो. खांदा खाली उतरवून सरळ बाही जोडली की ते कामही सोपं. शर्ट खोक्यासारखा केला की एस, एम, एल, एक्सएल अशी चार मापं काढायचीही गरज नाही, 'एस-एम' आणि 'एल-एक्सएल' अशा दोन चिठ्ठ्यांत भागतं. काही ठिकाणी तर 'फ्री साइझ' लिहून मोकळे होतात. माझा राग याचा आहे. शिवणकाम वाचवलं त्यांनी आणि शिक्षा भोगायला निघाली माझी मुलगी, रात्रीचं जेवण सोडून.

चिठ्ठीवरच्या अक्षराचंही एवढं मनावर घेऊ नकोस. क्लासच्या मुलींना शिकवताना मी हे मुद्दाम सांगते. अमेरिकेच्या शेती खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली होती, एकेकीची ५९. पुढे १९५८ साली त्या आधारावर तिथे तयार कपड्यांची मापं ठरवली आणि १९८३ मध्ये ती मागेही घेतली. बायकांची अंगं एका तक्त्यात मावली नाहीत. आपल्याकडे तर कितीतरी वर्षं विलायती तक्तेच इकडेतिकडे करून वापरले. 'निफ्ट' या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने अलीकडे मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार माणसांची मापं घेण्याचं काम हाती घेतलं, ते भारतीय अंगाचा आपला तक्ता हवा म्हणूनच. म्हणजे एका दुकानात तू एम आणि शेजारच्या दुकानात एक्सएल निघालीस, तर मधल्या दहा पावलांत तू जाड झालेली नसतेस.

कापडाचं तर बोलायलाच नको. आपलं गाव मागावर जगतं. १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून ही खटखट सुरू आहे. बाबांचा अख्खा जन्म सायझिंगमध्ये ताण्याला खळ देण्यात गेला. आपल्या गावातून पॉपलीन, केंब्रिक गाड्या भरभरून बाहेर जातं, आणि आपल्याच पोरींच्या अंगावर उन्हाळ्यात पॉलिस्टर. ते पिवळं जॉर्जेट हातात घेतल्या घेतल्या मला कळलं होतं, साखरपुड्याच्या गर्दीत तासाभरात अंगाला चिकटणार. दुकानदार 'कॉटनसारखं आहे' म्हणाला. कॉटनसारखं म्हणजे कॉटन नव्हे. कडेचा एक धागा काढून घरी जाळून बघावा. सूत कागदासारखं जळतं आणि बोटांत राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. रेयॉन मऊ असतं, तुला आवडतं, पण शिवायच्या आधी भिजवून घ्यायला हवं. तयार कुर्त्यांत तेवढं कोण करतं? म्हणूनच तुझा तो निळा कुर्ता दोन धुण्यांत वर चढला.

आखूड कपड्यांना माझा विरोध आहे असं समजू नकोस. तू कॉलेजात असताना तुझे दोन क्रॉप टॉप मीच शिवले होते आणि तुला ते सुंदर दिसायचे, कारण छातीखाली टक्स होते आणि कड उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, पट्टीने आवळलेली होती. तक्रार आहे ती सगळ्यांनी एकच धरून बसल्याची. या वर्षी आखूड तर सगळी दुकानं आखूड, ढगळ तर सगळी ढगळ. माझ्या वयाच्या बाईला कोपरापर्यंत बाही, गुडघ्याखाली उंची आणि दोन्हीकडे खिसे असलेला सुती कुर्ता हवा असेल तर तो पाचही दुकानांत नव्हता. मी विचारलं होतं, तू आत होतीस तेव्हा.

साडीकडे वळावं तर तिथेही तेच. साडीला जोडून येणारा ब्लाउजपीस बहुधा ८० सेंटीमीटरचा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोठा असला आणि बाई बारीक असली तर जमतं. ३८-४० छातीला कोपरापर्यंत बाही हवी म्हटली की मला जोड द्यावे लागतात. बायका ओशाळून म्हणतात, "माझंच अंग मोठं आहे हो." मी त्यांना दर वेळी सांगते, कापड कमी आहे. एकीला सांगून झालं की दुसरी तेच म्हणत येते.

आणि आता जे लिहायचं आहे ते अवघड आहे. परक्या बायकांना हे सांगणाऱ्या मी, तू पंधरा वर्षांची असताना तुला काय म्हटलं होतं ते मला आठवतं. दिवाळीला तुला तो मोरपंखी फ्रॉक आणला होता, तयार. तू घालून गोल फिरून दाखवलास आणि मी म्हटलं, "यात फार जाड दिसतेस गं." तू तो पुन्हा कधी घातला नाहीस. पुढच्या वर्षी तो मी भांडीवालीला दिला, तेव्हा देण्याआधी उलटा करून बघितला. कंबर दीड इंच वर कापली होती, तुझ्या पाठीच्या उंचीला कमी पडत होती. दोष कुठे होता ते मला कळलं आणि तरी मी तुला येऊन सांगितलं नाही. वाटलं, पोरीच्या लक्षात तरी कुठे राहिलं असेल. काल तू आरशापुढे उभी होतीस ना, ती अगदी त्या दिवाळीसारखी, एक हात पोटावर ठेवून. तेव्हा मला कळलं की लक्षात राहिलं आहे. माझं चुकलं, सोनू. फ्रॉक वाईट कापला होता असं म्हणायला हवं होतं.

तयार घ्यायची वेळ आलीच तर छातीला बसेल असा कुर्ता घे आणि खांद्याकडे बघून नाराज होऊ नकोस. बाह्या उसवून, खांदा अर्धा इंच आत घेऊन मुंढा नव्याने कापता येतो. कडेला कंबरेतही घेता येतं. तुझ्या खोलीजवळ आल्टरेशनवाले काका आहेत म्हणालीस ना, त्यांना "मुंढा वर घ्या" एवढंच सांग, त्यांना कळेल. मात्र छातीलाच आवळणारा कपडा कितीही आवडला तरी ठेवून दे. आत मार्जिन नसेल तर तो कुणालाच मोठा करता येणार नाही. अस्तर आणि मार्जिन बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. दुकानात कपडा उलटा करायला लाजू नकोस.

पण या साखरपुड्याला तू तयार काही घ्यायचं नाहीस. आज सकाळी मी कपाट उघडलं. आईने मला दिलेली इरकल आहे ना, जांभळ्या अंगाची, टोप पदराची, तिचं अंग एका घडीवर विरलं आहे. साडी म्हणून आता ती नेसता येणार नाही. पण बाकीचं कापड पक्कं आहे. विरलेली घडी वगळून तिचा कुर्ता होतो, मी मांडून बघितला. काठ खाली घेराला आणि बाहीला येतील, पदराचं लाल पाठीच्या योकला, म्हणजे खांद्याखालच्या वरच्या तुकड्याला. आजीची साडी कापायची म्हणून जरा हात थबकला. पण ती ज्या अंगावर होती त्याच बांध्याच्या अंगावर जाणार आहे.

तुझा खाका मी ब्राउन पेपरवर काढून ठेवला आहे. प्रिन्सेस कट घेते, म्हणजे खांद्यापासून कंबरेपर्यंत शिवण अंगाबरोबर येईल आणि कुठेही ओढ बसणार नाही. पूर्ण अस्तर, सुती. दोन्ही कडांना एकेक इंच मार्जिन आत सोडते. अंग कमीजास्त होतच असतं, त्याला कपड्याने जागा द्यायची. हाच खाका पुढे ऑफिसच्या कुर्त्यांना चालेल. बाबा पॉपलीनचे दोन तुकडे आणतो म्हणाले आहेत, एक फिकट हिरवा, एक चेक्सचा. रंग नको असतील तर उद्याच सांग.

माझ्याकडे तुझी मापं आहेत ती मार्चमधली. छाती आणि मुंढा तेवढा नव्याने घे. मैत्रिणीला टेप धरायला लाव, एकटीने घेतलंस तर हात वर जातो आणि माप चुकतं. श्वास आत ओढून धरू नकोस, नेहमीसारखी उभी राहा. छातीवरून टेप नेताना पाठीवर ती खाली घसरत नाही ना, ते मैत्रिणीला बघायला सांग. मुंढा मोजताना टेपच्या आत दोन बोटं राहू देत. उद्याच कळव, बुधवारी कापायला घेते.

आणि खिसे दोन्हीकडे देणार आहे. तुझा नवा मोबाइल मोजून त्याची लांबी कळव.

रात्री नीट जेव.

तुझी,
आई