साउंड आर्ट ऐकायचं तरी कसं, ते दारावर लिहा!

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

आर्ट गॅलरीत कसं वागावं यावर तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. हळू बोला, लांबून बघा, हात लावू नका, चित्रांसाठी ठीकच आहे हो, पण साउंड आर्टचं, म्हणजे आवाज हेच माध्यम असलेल्या कलेचं काय? तिथं बघायला काही नसतंच बऱ्याचदा, नुसते स्पीकर असतात, आणि तरी लोक तेच जुने नियम पाळत भिंतीला चिकटून उभे राहतात.

कॅनडाची कलाकार जॅनेट कार्डिफ हिचं २००१ चं 'फोर्टी पार्ट मोटेट' घ्या (मोटेट म्हणजे अनेक आवाजांत गायचं धार्मिक गाणं). लंबगोलात ४० स्पीकर, स्टँडवर, साधारण आपल्या डोक्याच्या उंचीवर, आणि एकेका स्पीकरमधून एकेकच आवाज. मधोमध थांबलात तर सगळा कोरस अंगावर येतो, आणि एकाच्या अगदी जवळ कान नेला तर त्या एका माणसाचा श्वाससुद्धा कळतो. गाणं ११ मिनिटांच्या आसपास, मग ३ मिनिटं ब्रेक, त्यात गायकांचं खोकणं, गप्पा, घसा साफ करणं हे पण मुद्दाम ठेवलंय. आता जो माणूस शिस्तीत एका जागी उभा राहिला आणि गाणं संपलं म्हणून निघून गेला, त्याची ही कलाकृती अर्धवटच ऐकून झाली ना! आणि एखादं पोरगं या स्पीकरकडून त्या स्पीकरकडे पळत सुटलं की सगळे आईबापांकडे डोळे वटारून बघणार, खरं तर बरोबर ऐकतंय ते पोरगंच.

याचा अर्थ काहीही करा असा नाही. अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या १९५२ च्या '४ मिनिटं ३३ सेकंद'चं नाव घेऊन काही जण म्हणतात की श्रोत्यांचा आवाज हाच कलेचा भाग, मग माझा फोन वाजला तर बिघडलं काय. बिघडतं. तिथं वादक मुद्दाम वाजवत नव्हता म्हणून आजूबाजूचं ऐकू येत होतं, इथं दुसऱ्या कोणाची तरी कलाकृती वाजत असते.

पण सगळा दोष प्रेक्षकांच्या माथी मारू नका. गॅलरीत पांढऱ्या कोऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी, कुजबुजलं तरी घुमतं, शेजारच्या खोलीतला व्हिडिओ या खोलीत ऐकू येतो, आणि गालिचा नाही की जाड पडदा नाही. अमेरिकन साउंड आर्टिस्ट मॅक्स न्यूहाऊसने १९७७ ला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये रस्त्यातल्या जाळीखालून आवाज सोडला, पाटीसुद्धा लावली नाही, ज्याला ऐकू आलं तो थांबला, बाकीचे चालत गेले, कोण कसं वागलं याची पंचाईत कुणालाच नव्हती. गॅलरीत तसं होत नाही, तिथं माणूस आधीच बिचकलेला असतो.

म्हणून गॅलरीवाल्यांना एवढंच सांगणं आहे की दारावर चार ओळी लिहा, लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) किती मिनिटांचा, आत फिरलं तर चालतं का, बोललं तर चालतं का. बसायला बाकडं ठेवा. आणि हेडफोन एकच असेल तर तो डोक्यावर चढवून डोळे मिटून बसलेल्या माणसाला किती वेळाने उठवायचं, ते पण लिहून टाका.

– तुमचा एक नियमित वाचक