टीव्ही भिंतीवर लागला, बॅटरीच्या पाण्याचे काय?

मा. संपादक,
स. न.

शाळा उघडल्या की आपल्या सोलापूर जिल्ह्यात लोकसहभागातून, ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा एखाद्या कंपनीच्या देणगीतून वर्गावर्गांत स्मार्ट टीव्ही आणि प्रोजेक्टर येतात. फीत कापली जाते, फोटो निघतो. दिवाळीनंतर त्यातले काही संच चादरीखाली झाकलेले दिसतात, आणि बोल लावला जातो तो शिक्षकांच्या अनास्थेला. खरे कारण वेगळे आहे. संच देणाऱ्याने तो चालता ठेवण्याचा खर्च धरलेलाच नसतो.

विजेपासून बघा. प्रोजेक्टर साधारण २५० वॅट घेतो, लॅपटॉप ५०. शाळेला इन्व्हर्टरसाठी मिळणारी १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. पण ती निम्म्याहून खाली उतरवली की तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाती फार तर अडीच-तीन तास. त्याच इन्व्हर्टरवर चार पंखे जोडले की हिशेब दीड तासावर येतो. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गाला ४३ इंची एलईडी टीव्ही पुरतो आणि तो शंभर वॅटच्या आतबाहेरच वीज खातो. शिवाय प्रोजेक्टरचे चित्र दिसावे म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात, आणि सोलापूरच्या मार्च-एप्रिलमध्ये बंद खोलीत मुले बसवणे म्हणजे त्यांचे हाल. त्यामुळे देणगी देणाऱ्यांना सांगणे एवढेच की प्रोजेक्टरऐवजी टीव्ही द्या. तो खिडकीसमोरच्या भिंतीवर मात्र लावू नका, पडद्यावर उजेडाची तिरीप येते. खिडकीला काटकोनातली भिंत निवडा.

बॅटरी मरते ती मे महिन्यात. पारा ४३-४४ अंशांवर, शाळा बंद, बॅटरीतले पाणी आटत जाते, प्लेटा उघड्या पडतात. जूनमध्ये बटण दाबले की संच दहा मिनिटांत गप्प. सुट्टी लागण्याआधी डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरावे, बॅटरी पूर्ण चार्ज करून मेन स्विच बंद करावा आणि सुट्टीत मध्ये एकदा कोणीतरी येऊन ती पुन्हा चार्ज करावी. बोअरचे पाणी कधीही घालू नये, त्यातले क्षार प्लेटांना मारक ठरतात. ही पाच मिनिटांची कामे आहेत, पण ती कोणाची हे ठरलेले नसते.

पाठ्यपुस्तकातल्या, फोनने टिपला की धडा उघडणाऱ्या क्यूआर कोडचे आपल्या जिल्ह्याला विशेष अप्रूप. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांच्या ज्या कामाची २०२०च्या ग्लोबल टीचर प्राइझसाठी दखल घेतली गेली, त्यात हे कोड होते. आता ते पुस्तकापुस्तकांत आहेत. अडचण येते ती वापरताना. पुस्तकाला चकचकीत प्लास्टिकचे कव्हर असेल तर कोडवर उजेड चमकतो. पुस्तक जुने असेल तर चौकटीचा कोपरा झिजलेला असतो. कोडच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन शाबूत नसतील तर कॅमेऱ्याला तो सापडत नाही. अशा वेळी कोडखाली छापलेली सहा अक्षरांची खूण दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये टाइप करावी, तोच धडा उघडतो. आणि वर्गात नेट मिळेल या भरवशावर राहू नये. आदल्या रात्री घरी धडा डाउनलोड करून ठेवला तर तासाला अडत नाही. पेनड्राइव्हवर व्हिडिओ नेणाऱ्यांसाठी एक सूचना : पेनड्राइव्ह एफएटी-३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीचा असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यात बसतच नाही.

मला सर्वांत उपयोगी वाटणारे साधन मात्र टीव्ही नाही, प्लिकर्स या ॲपची कागदी कार्डे आहेत. फोन एकच, तोही शिक्षकाचा. प्रत्येक मुलाच्या हाती त्याच्या क्रमांकाचे काळ्या नक्षीचे कार्ड. त्याच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे इतकी बारीक की शेजाऱ्याला वाचता येत नाहीत. उत्तराची बाजू वर धरायची, शिक्षकाने वर्गावरून फोन फिरवायचा, अर्ध्या मिनिटात कोणी काय निवडले ते कळते. ०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती, हा प्रश्न विचारून पाहा. पाचापेक्षा पस्तीस मोठे म्हणून ०.३५ निवडणारी मुले हमखास निघतात. हात वर करायला लावले असते तर ती हुशार मुलांकडे बघून गप्प राहिली असती. इथे ती दिसतात, आणि पुढचे उदाहरण सोडून दशांशस्थळांच्या घरांकडे परत जाता येते. कार्डे लॅमिनेट करू नयेत, चमकतात. जाड कागदावर छापावीत. बोटे काळ्या भागावर आली तर फोन कार्ड वाचत नाही, ती कडेला धरायला शिकवावे.

ऑनलाइन चाचणी घेणाऱ्यांनीही जपावे. गूगल फॉर्ममध्ये उत्तर '12' भरून ठेवले आणि मुलाने पुस्तकाप्रमाणे '१२' लिहिले, तर बरोबर उत्तराला शून्य मिळते. दोन्ही रूपे अचूक उत्तर म्हणून आधीच भरावीत.

व्हॉट्सॲपवरच्या गृहपाठाला गुण देऊ नयेत. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरी फोन बहुधा एकच असतो, तोही वडिलांबरोबर पाळीला जातो. मुलाला तो रात्री मिळणार, तेही डेटा उरला असेल तर. याच घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडे कन्नड. व्हिडिओतले वेगवान प्रमाण मराठी निवेदन या मुलांच्या डोक्यावरून जाते. आवाज बंद करावा, चित्र जागोजागी थांबवावे आणि शिक्षकाने स्वतः बोलावे.

राहिला पैसा. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषाप्रमाणे वर्षाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान असते. त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल. चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलायची तर पंधरा हजारांच्या आसपास लागतात, ते यातून निघत नाहीत. म्हणून लोकप्रतिनिधी, कंपन्या आणि ग्रामपंचायती यांना विनंती आहे, दहा संच देणार असाल तर आठच द्या. उरलेल्या दोनांचे पैसे त्या आठांच्या पाच वर्षांच्या वीजबिलासाठी, बॅटरीसाठी आणि दुरुस्तीसाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात वेगळे ठेवा, आणि ही तरतूद देणगीपत्रातच लिहा.

– एक शिक्षक, सोलापूर