सळईच्या टोकाला लाल रंग लावून देणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

काल माझ्या छोट्या मॉडेल जहाजाच्या डेकवर कठड्याचा शेवटचा खांब बसवला आणि लगेच तुम्हाला लिहायला घेतलं. राहवलंच नाही.

१:९६ च्या, म्हणजे खऱ्याच्या ९६ पट लहान मॉडेलवर मीटरभर उंचीचा खांब १० मिलिमीटरच्या किंचित वर भरतो. त्यावर दोन मणी, आणि दोन्ही मण्यांतून तार ओवायला अर्ध्या मिलिमीटरचं आरपार भोक. तुमच्याकडे येईपर्यंत किती खांब वाकले, किती ड्रिल आतच तुटून बसली, हे मोजणं मी सोडून दिलं होतं. सळई विकणाऱ्याने "पितळ ते पितळ, त्यात काय बघायचं" म्हणून हातात टेकवली होती. एका जाणकाराने तर सळईकडे न बघताच सांगितलं, "हात बसलेला नाही तुमचा." त्यानंतर दोन महिने मी लेथवरचं, म्हणजे सळई फिरवत कापायच्या यंत्रावरचं, कापड काढलं नाही. ते वाक्य अजून सलतं.

तुम्ही आधी माझ्या डबीतला, सळई कापताना निघालेला कीस मागितलात. लांब, चिवट, गुंतलेला. शेजारी तुमच्या सळईचा ठेवलात, रव्यासारखा मोकळा. आणि म्हणालात, "हात चांगला आहे. धातू चुकलाय." काका, माझे डोळे तेव्हाच भरून आले होते.

माझी सळई ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताची, वाकवायला उत्तम पण लेथच्या कापणाऱ्या टूलखाली चिकट. तुमच्या सळईत ३ टक्क्यांच्या आसपास शिसं. ते पितळात विरघळत नाही, बारीक कणांनी पसरून राहतं, म्हणून कीस जागीच तुटतो. पण तीच सळई वाकवायला गेलं तर तडकते, म्हणून वाकवायच्या भागांसाठी माझी जुनी जपून ठेवायला सांगितलंत. धार सपाट ठेवायची, पुढे उतार दिला तर टूल पितळात घुसतं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पण खरं सांगू? मनात राहिलं ते निराळंच. तुमच्या सळईतून वीतभर तुकडा कापून दिलात आणि मी निघाले, तर थांबवलंत. दोन्ही पितळं दिसायला सारखी, खणात गेली की ओळखू येणार नाहीत, म्हणून टोकाला लाल रंग लावलात. आणि तो वाळेपर्यंत सळई हातात धरून उभे राहिलात. ओळख ना पाळख, तरी उद्या माझी अडचण होऊ नये याची काळजी तुम्हाला. अशी माणसं आहेत म्हणून नवशिका माणूस शिकायचं धाडस करतो.

सगळे खांब उभे आहेत. मणी गोल, भोकं एका रेषेत. सळई आता बोटभर उरली आहे. प्रत्येक वेळी उघडं टोक कापत आले. लाल टोक तसंच आहे.

तुमची ऋणी,
कठड्याच्या खांबांवाली